गोळीचा हिशेब गोळीशी, विटाळाचा विटाळाशी

श्रावण लागला की औषधांच्या दुकानांत एका विशिष्ट गोळीची मागणी वाढते, आणि त्याच सुमारास तिच्यावरून होणारा वादही दरवर्षी नव्याने सुरू होतो. मंगळागौर, गौरी-गणपती, नवरात्र, घरचे लग्न, वास्तुशांत, कुलदैवताचे दर्शन अशा प्रसंगी पाळी आड येऊ नये म्हणून घेतली जाणारी ही गोळी बहुतेक वेळा नॉरेथिस्टेरॉन या औषधाची असते. वादातली एक बाजू म्हणते की ही गोळी म्हणजे विष आहे, तिने गर्भाशय खराब होते, पुढे मूल होत नाही, आणि हे सारे बायका करतात ते विटाळाच्या बुरसटलेल्या कल्पनेपायी. दुसरी बाजू म्हणते की आमच्या घरात वर्षानुवर्षे घेतात, कुणाला काही झालेले नाही, आणि शेवटी हा जिचा-तिचा प्रश्न आहे. मला या दोन्ही बाजूंशी भांडायचे आहे, कारण दोघीही दोन निराळे प्रश्न एका गाठीत बांधतात. हे औषध स्त्रीच्या शरीरात काय करते, हा शरीरशास्त्राचा प्रश्न आहे. पाळीत स्त्रीने देवघरात जावे की नाही, हा समाजाचा प्रश्न आहे. एकाचे उत्तर दुसऱ्याला लावले की दोन्ही उत्तरे चुकतात, आणि त्या चुकीचा त्रास वाद घालणाऱ्यांना होत नाही, गोळी घेणाऱ्या बाईला होतो.

आधी शरीराकडे पाहू. बीजांडकोशातून स्त्रीबीज बाहेर पडल्यावर त्या जागी जो पीतपिंड तयार होतो, तो साधारण दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करत राहतो, आणि त्या संप्रेरकाच्या आधारावर गर्भाशयाचे अस्तर टिकून राहते. गर्भधारणा झाली नाही तर पीतपिंड सुकतो, रक्तातले प्रोजेस्टेरॉन घसरते, अस्तराचा आधार सुटतो आणि ते रक्तस्रावासह बाहेर पडते. पाळी म्हणजे एवढेच. नॉरेथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखे काम करणारे कृत्रिम संप्रेरक आहे. मेक्सिको सिटीतील सिंटेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५१ साली कार्ल जेरासी, लुईस मिरामोंतेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केले, आणि तोंडावाटे घेतले तरी ते प्रभावी राहते हे त्याचे मोठे वैशिष्ट्य ठरले. पाळी येण्याच्या अंदाजे तीन दिवस आधीपासून पाच मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा घेतली, तर शरीरातले मूळ प्रोजेस्टेरॉन घसरले तरी अस्तराला आधार मिळत राहतो. गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते. 'अडवलेले रक्त आत साठते आणि कुजते' ही जी भीती घरोघरी ऐकू येते, तिला म्हणूनच काही आधार नाही. अस्तर सुटलेलेच नसते, तर साठणार काय? काही दिवसांच्या अशा गोळ्यांनी वंध्यत्व येते, यालाही आधार नाही. एखाद-दुसरी पाळी पुढे जाणे हे आपल्याआप शरीराला घातक नसते. गर्भनिरोधक गोळ्यांच्या पाकिटातला सात दिवसांचा खंड आरोग्यासाठी गरजेचा नाही, हे ब्रिटनमधल्या लैंगिक व प्रजनन आरोग्याच्या तज्ज्ञ संस्थेने २०१९ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केले आहे.

मग ही गोळी निर्धोक आहे का? तसेही नाही, आणि इथेच 'कुणाला काही झाले नाही' म्हणणाऱ्यांनी थांबून आकडे पाहावेत. निव्वळ नॉरेथिस्टेरॉन असलेली जी गर्भनिरोधक गोळी काही देशांत मिळते, तिच्यात हे औषध रोज ०.३५ मिलिग्रॅम असते. पाळी पुढे ढकलताना दिवसाला १५ मिलिग्रॅम घेतले जाते, म्हणजे चाळीस पटींहून अधिक. एवढ्या मात्रेत त्याचा थोडा भाग शरीरात एथिनिल इस्ट्रॅडिऑल या इस्ट्रोजेनमध्ये (स्त्रीच्या दुसऱ्या मुख्य संप्रेरकाच्या कृत्रिम रूपात) बदलतो, इतका की रोजच्या १० ते २० मिलिग्रॅम मात्रेतून एका साध्या संयुक्त गर्भनिरोधक गोळीएवढे, म्हणजे दोन्ही प्रकारची संप्रेरके असलेल्या गोळीएवढे, इस्ट्रोजेन रक्तात येते. 'यात फक्त प्रोजेस्टेरॉन आहे, म्हणून चिंता नाही' हे वाक्य त्यामुळे या मात्रेला लागू पडत नाही. इस्ट्रोजेन आले की शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. युरोपीय औषध यंत्रणेने २०१३ साली दिलेल्या अंदाजानुसार, संयुक्त गोळ्या न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांमध्ये वर्षाला सुमारे २ जणींना अशी गुठळी होते. नॉरेथिस्टेरॉनसारखे जुने प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनसारखे कृत्रिम संप्रेरक) असलेल्या संयुक्त गोळ्या घेणाऱ्यांत ५ ते ७ जणींना होते. धोका लहान आहे, पण तो सगळ्यांत सारखा वाटलेला नाही. जिला पूर्वी गुठळी झाली आहे, जिच्या आई-बहिणीला झाली आहे, जिला डोळ्यांपुढे रेषा-ठिपके दिसून अर्धशिशी उठते, जी नुकतीच बाळंत झाली आहे किंवा जिची शस्त्रक्रिया झाली आहे, तिच्यासाठी तो लहान राहत नाही.

आता पहिल्या बाजूकडे वळतो. विटाळाला विरोध करणाऱ्यांचा सर्वांत बळकट मुद्दा मी मान्य करतो: दर वेळी ही गोळी घेतली गेली की रूढी थोडी आणखी सोपी होते. पूर्वी गौरीच्या दिवशी पाळी आली तर घरात अडचण व्हायची, कुणाला तरी बाजूला बसावे लागायचे, आणि त्या अडचणीतून कधीतरी 'हे असे का?' असा प्रश्न निघण्याची शक्यता तरी होती. गोळीने ती अडचणच नाहीशी केली, आणि तिच्याबरोबर प्रश्नही नाहीसा केला. हे खरे आहे. पण यावरचा उपाय म्हणून औषधाची भीती घालणे, हे सुधारकाने आपल्याच हाताने आपला पाया उकरणे आहे. उद्या एखादी पूर्णपणे निर्धोक गोळी निघाली, तर विटाळ योग्य ठरणार आहे काय? ठरणार नसेल, तर विटाळाविरुद्धच्या युक्तिवादात गुठळीचे काम काय? संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकात आपल्या अभंगात विचारले की विटाळावाचून जगात कुठला देह निर्माण झाला आहे, तेव्हा त्यांना कुठल्या औषधाच्या दुष्परिणामांची मदत घ्यावी लागली नव्हती. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि पुढे १९२७ पासून मृत्यूपर्यंत मासिक चालवून जुन्या नीतिकल्पनांवर प्रहार केले, ते शरीराविषयीची अचूक माहिती हाताशी धरून. चुकीच्या माहितीने योग्य गोष्ट पटवण्याची सवय आपल्याकडे अलीकडची आहे, आणि ती सोडलेली बरी.

शिवाय भीती जिथे पेरावी तिथेच उगवते असे नाही. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी गुठळीचा धोका दुप्पट होतो. बातमी खोटी नव्हती. पण दुप्पट कशाच्या, हे बातम्यांमध्ये मागे पडले. मुळातला धोका फार लहान होता, त्याची दुप्पटही लहानच होती, आणि गर्भारपणात गुठळीचा धोका या दोन्हींपेक्षा अधिक असतो, हे तर बहुतेकींच्या कानांवर गेलेच नाही. असंख्य स्त्रियांनी गोळ्या मध्येच सोडून दिल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड व वेल्समध्ये सुमारे १३ हजार गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज त्यावेळी मांडला गेला. आपल्याकडे 'हार्मोनची गोळी म्हणजे विष' हे वाक्य जेव्हा ठणकावून सांगितले जाते, तेव्हा ते फक्त गौरीपूजनासाठी गोळी घेणारीच ऐकते असे नाही. अंगावरून अतोनात जाते म्हणून डॉक्टरांनी हेच नॉरेथिस्टेरॉन लिहून दिलेली बाईही ते ऐकते आणि चिठ्ठी घडी करून डब्यात ठेवून देते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. महिन्याला वाहून जाणारे रक्त आटोक्यात आणणारे औषध अशा देशात भीतीपोटी नाकारले जाणे परवडणारे नाही. असुरक्षित संबंधांनंतर ७२ तासांच्या आत घ्यायच्या गोळीचेही तेच झाले आहे. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची ती गोळी मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडणे लांबवते. झालेला गर्भ ती पाडत नाही. तरीही तिला 'पाडायची गोळी' म्हणणारे आणि त्या समजुतीवर नीतीचे प्रवचन देणारे आजही भेटतात.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद निवडीचा आहे, आणि तोही मी हलका मानत नाही. एकत्र कुटुंबात नव्याने आलेल्या सुनेला ऐन गौरी आवाहनाच्या दिवशी बंड करण्याची हौस नसते, आणि तिने ते करावे असा आग्रह लांबून धरणे सोपे आहे. गोळी घेऊन ती चार दिवसांची कुजबुज, वेगळी चटई आणि 'आता नैवेद्य कोण करणार' हा प्रश्न टाळत असेल, तर तिला नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही. पाळी पुढे ढकलावीशी वाटण्याची कारणे धार्मिकच असतात असेही नाही. परीक्षा असते, स्पर्धा असते, दूरचा प्रवास असतो. हजला जाणाऱ्या अनेक स्त्रिया तवाफ (काबाभोवतीची प्रदक्षिणा) चुकू नये म्हणून अशीच औषधे घेतात. स्वतःच्या शरीरातला रक्तस्राव कधी व्हावा हे ठरवता येणे ही विज्ञानाने स्त्रीला दिलेली सोय आहे, आणि ती वापरल्याबद्दल तिने कुणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. पण निवड म्हणायची तर ती करणाऱ्याला काय निवडतो आहोत हे माहीत असायला हवे. ते माहीत असते का?

दुकानाच्या काउंटरवर काय घडते ते पाहा. गोळी घ्यायला पुष्कळदा ती स्त्री स्वतः येतच नाही. नवरा येतो, दीर येतो, सासू शेजारच्या मुलाच्या हाती चिठोरे देऊन पाठवते. 'पाळी लांबवायची गोळी द्या' एवढेच सांगितले जाते. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायचे आहे, पण चिठ्ठी कुणी मागत नाही. दुकानदार स्ट्रिप काढतो, पाच दिवस म्हणजे पंधरा गोळ्या असा हिशेब करतो, कात्रीने तेवढा तुकडा कापतो आणि कागदी पुडीत टाकून 'सकाळ, दुपार, संध्याकाळ' असे सांगतो. कापलेल्या तुकड्यावर कधी औषधाचे नाव अर्धे राहते, कधी मुदत संपण्याची तारीख दुसऱ्या तुकड्यावर जाते. माहितीपत्रक तर नसतेच. घेणारीचे वय काय, ती अंगावर पाजते का, तिला क्षयाचे किंवा फिटचे औषध चालू आहे का, यांतले काहीही विचारले जात नाही. आणि क्षयासाठीचे रिफॅम्पिसिन किंवा फिटसाठीचे फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर यकृत संप्रेरके इतक्या वेगाने निकालात काढते की गोळी घेऊनही पाळी ऐन पूजेच्या दिवशी येऊ शकते. तिला आधीच दिवस गेलेले तर नाहीत ना, हा सर्वांत साधा प्रश्नही राहून जातो. या पद्धतीने घेतलेल्या गोळ्यांवर गर्भनिरोधक म्हणून विसंबून राहता येत नाही, हेही तिला कुणी सांगत नाही. पोटरी एकाच पायाची सुजून दुखू लागली, अचानक धाप लागली किंवा छातीत कळ आली तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठायचा, हे पुडीबरोबर सांगायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट जिच्या वाट्याला येत नाही, तिने 'निवड केली' असे मी म्हणू शकत नाही.

अनुभवी डॉक्टर यावर म्हणतात की निरोगी बाईने पाच-सात दिवस गोळी घेतली तर फारसे काही होत नाही, उगाच घबराट कशाला? त्यांचे पहिले अर्धे वाक्य बरोबर आहे. पण बाई निरोगी आहे हे ठरवले कुणी? जिला तपासलेच नाही, जिला एक प्रश्नही विचारला नाही, तिला निरोगी गृहीत धरून धोका नगण्य ठरवणे हा युक्तिवाद स्वतःभोवतीच फिरतो. आणि पाच-सात दिवसही नेहमी पाच-सात राहत नाहीत. श्रावणातले उद्यापन, मग गणपती, मग घट, मग दिवाळी, असे करत एकाच हंगामात तीन-चारदा गोळ्या घेणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांच्यातल्या कित्येकींच्या पाळीची तारीख इतकी सरकलेली असते की गोळी कधी सुरू करायची याचा अंदाजच चुकतो. मग मध्येच डाग लागतात, घाबरून गोळ्यांची संख्या आपल्या मनाने वाढवली जाते, आणि स्तन दुखणे, पोट फुगणे, मळमळ, चिडचिड हे सारे सणाच्या धावपळीत 'दगदग झाली' या खात्यावर मांडले जाते.

या प्रकारचा वाद जगात पहिल्यांदा होत नाही, आणि पूर्वी तो अधिक चांगल्या रीतीने झालेला आहे. जानेवारी १९७० मध्ये अमेरिकेच्या सेनेटमध्ये गेलॉर्ड नेल्सन यांच्या अध्यक्षतेखाली गर्भनिरोधक गोळीच्या सुरक्षिततेवर सुनावणी सुरू झाली. साक्ष द्यायला डॉक्टर आणि शास्त्रज्ञ बोलावले होते. गोळी प्रत्यक्ष घेणारी एकही स्त्री बोलावलेली नव्हती. अ‍ॅलिस वुल्फसन आणि त्यांच्या मैत्रिणींनी प्रेक्षकांतून उठून तोच प्रश्न विचारला आणि कामकाज अडवले. त्यांची मागणी नीट समजून घेण्यासारखी आहे. गोळी बंद करा, असे त्या म्हणत नव्हत्या. नको असलेल्या गर्भारपणाचा अर्थ काय असतो हे त्यांना ठाऊक होते. गोळी सुरक्षित आहे, गप्प बसा, हेही त्यांना मान्य नव्हते. तुम्हाला जे माहीत आहे ते आम्हाला का सांगितले नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात स्त्रीला वाचता येईल असे माहितीपत्रक घालणे अमेरिकेत बंधनकारक झाले. डॉक्टरांच्या संघटनेने त्याला विरोध केला, मूळ मजकूर बराच छाटला गेला, तरीही ते पत्रक आले. सुरुवातीच्या काळातल्या गोळ्यांमधली संप्रेरकांची मात्राही पुढच्या वर्षांत बरीच खाली आणली गेली.

आपल्याकडेही याला तोड आहे, आणि ती विसरली गेली याचे मला वाईट वाटते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांच्या जबर मात्रेच्या मिश्रणाची औषधे १९७० आणि ८०च्या दशकांत भारतात सर्रास विकली जात. चुकलेली पाळी आणण्यासाठी आणि दिवस गेले आहेत का ते पाहण्यासाठी ती दिली जात, आणि गर्भ पडेल या समजुतीनेही घेतली जात. प्रत्यक्षात गर्भ राहिलेला असेल तर त्यालाच अपाय होण्याची भीती होती. १९८२ साली बंदीचा निर्णय झाला, उत्पादक न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली, आणि स्त्री-आरोग्यासाठी काम करणाऱ्या गटांनी व मेडिको फ्रेंड सर्कलसारख्या डॉक्टरांच्या मंडळींनी वर्षानुवर्षे चिकाटीने पुरावे मांडले. अखेर १९८८ साली बंदी लागू झाली. त्या चळवळीतल्या स्त्रिया संप्रेरकांना सरसकट विष म्हणत नव्हत्या. कोणते औषध, किती मात्रेत, कशासाठी, आणि याच कामासाठी साधी लघवीची तपासणी उपलब्ध असताना ते का द्यायचे, असे नेमके प्रश्न त्यांनी विचारले. विरोध टिकला तो या नेमकेपणामुळे.

मग चिठ्ठीचा नियम कडक करावा का? वरवर हेच उत्तर दिसते, पण मला ते पुरेसे वाटत नाही. तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ आठवड्यातून एकदा येत असेल, आणि पाळीचा विषय पुरुष डॉक्टरांसमोर काढायला संकोच वाटत असेल, तर निव्वळ कडक नियमाने गोळी बंद होणार नाही. ती ओळखीच्या दुकानातून, जास्त पैशांत आणि आणखी कमी माहितीनिशी मिळेल. नियम हवाच, पण त्याच्या जोडीला काउंटरवरच्या प्रशिक्षित फार्मासिस्टने विचारायच्या मोजक्या प्रश्नांची मराठीत छापलेली यादी हवी, संप्रेरकांची स्ट्रिप कापून विकण्यावर बंदी हवी, आणि गोळी घेणारीशी स्वतः बोलल्याशिवाय, निदान फोनवर बोलल्याशिवाय, ती द्यायची नाही असा दंडक हवा. ज्या बाईला गुठळीचा धोका अधिक आहे, तिच्यासाठी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनसारखा, इस्ट्रोजेनमध्ये न बदलणारा पर्याय डॉक्टर देऊ शकतात. पण तो मिळण्यासाठी आधी कुणीतरी तिला विचारायला हवे.

हा वाद केवळ सोवळ्या-ओवळ्याच्या घरांपुरता मानणे हीदेखील एक चूक आहे. पाळी दुसऱ्याच्या सोयीसाठी थांबवण्याची मागणी देवघरातून येते, तशीच उसाच्या फडातूनही येते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा पाहणीतल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते, एका दिवसाचा खाडा झाला तर पैसे कापले जातात, फडावर ना आडोसा ना पाणी. अशा स्थितीत अंगावरून जाण्याची साधी तक्रारही 'पिशवीच काढून टाका' या सल्ल्यापर्यंत जाते. त्या शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले गेले तर तिशीतल्या बाईचे इस्ट्रोजेन एका दिवसात तुटते आणि हाडांची झीज अकाली सुरू होते. अंगावरून जाणे गोळ्यांनी आटोक्यात येऊ शकते, हे यांतल्या किती जणींना शस्त्रक्रियेआधी कुणी सांगितले असेल? संप्रेरके म्हणजे विष, असे जे शहरातून ओरडून सांगतात, त्यांनी या बायकांसाठी त्याच संप्रेरकांचा काय अर्थ होऊ शकला असता याचाही विचार करावा.

विटाळाचा प्रश्न राहतोच, आणि तो मला टाळायचा नाही. पाळीत देवघर वर्ज्य मानणे मला चुकीचे वाटते, कारण ज्या क्रियेवाचून कुणाचाच जन्म झाला नसता तिला अपवित्र म्हणण्याला कुठलाही तर्क नाही. हे घरात बोलायचे तर गोळीचे नाव न काढता बोलावे, सण दूर असताना बोलावे, आणि ते सुनेवर न सोपवता घरातल्या मोठ्यांनी, विशेषतः पुरुषांनी, बोलावे. 'या वर्षी कुणीही गोळी घ्यायची नाही, पाळी आली तरी पूजा तीच करील' हे वाक्य सासऱ्याच्या तोंडून आले तर त्याला जे वजन येते ते कुठल्याही दुष्परिणामांच्या यादीला येत नाही. तोवर जी गोळी घेते आहे, तिला तिच्या गोळीविषयी खरे ते सांगितले जावे.